विंचू चावल्यावर बीपीची गोळी का देतात? हृदयाच्या स्नायूची सूज आणि अल्फा-ब्लॉकरची गोष्ट

कोकणात लाल विंचू चावलेलं मूल दवाखान्यात आणलं, की जाणता डॉक्टर दंशाची जागा बघण्यात फार वेळ घालवत नाही. तो मुलाचे तळपाय चाचपतो. पाय गार पडलेत का? अंगाला दरदरून घाम सुटलाय का? उलट्या किती झाल्या? लक्षणं जुळली, की तो एक छोटीशी गोळी देतो आणि मुलाला उचलू नका, आडवंच ठेवा, असं घरच्यांना बजावतो. पाय पुन्हा गरम होईपर्यंत ही गोळी वजनाच्या हिशेबाने दर तीन तासांनी दिली जाते.

गोळीचं नाव प्राझोसिन. ही गोळी मुळात विषावरची नाहीच. 1970च्या दशकात ती बाजारात आली ती रक्तदाब कमी करण्यासाठी. ज्या कुटुंबातली ही औषधं आहेत त्यांना अल्फा-ब्लॉकर म्हणतात. तुमच्या घरातल्या एखाद्या आजोबांना प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिन किंवा अल्फुझोसिन सुरू असेल, तर तीही याच कुटुंबातली.

मग बीपीची, प्रोस्टेटची गोळी विंचवाच्या दंशात जीव कशी वाचवते? त्याचं उत्तर हृदयाच्या स्नायूत आहे. आणि याच उत्तराच्या आधारे गेली काही वर्षं जगभरातले संशोधक आणखी मोठा प्रश्न विचारतायत. विषाणूमुळे किंवा इतर कारणांनी हृदयाच्या स्नायूला सूज येते, तिथेही हे औषध चालेल का?

आधी हृदयाच्या सुजेबद्दल

हृदय म्हणजे मुळात एक स्नायू. या स्नायूला सूज येते, त्याला डॉक्टर मायोकार्डायटिस म्हणतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. इथे वाहिन्या मोकळ्या असू शकतात, पण स्नायूच दुखावलेला असतो. कॉक्सॅकीसारखे विषाणू, फ्लू, कोव्हिड, घटसर्प, काही औषधं, कर्करोगावरच्या इम्युनोथेरपीची काही इंजेक्शनं, शरीराने स्वतःवरच उलटवलेली प्रतिकारशक्ती, अशी कितीतरी कारणं असतात. छातीत दुखतं, धाप लागते, ठोके चुकतात. कधी काहीच जाणवत नाही आणि आजार आपोआप बरा होतो, तर कधी धडधाकट तरुण माणूस दोन दिवसांत आयसीयूत जातो. ईसीजी, ट्रोपोनिनची रक्ततपासणी, इको आणि हृदयाचा एमआरआय यांवरून निदान होतं.

आता यात एक वेगळं कारणही आहे, ज्याबद्दल फार बोललं जात नाही. ते म्हणजे आपल्याच शरीरातलं अ‍ॅड्रिनलिन.

घाबरलो, की छाती धडधडते. ते काम अ‍ॅड्रिनलिन आणि त्याचं भावंडं नॉरअ‍ॅड्रिनलिन करतात. दोघांना मिळून कॅटेकोलामाइन म्हणतात. थोड्या प्रमाणात ती उपयोगाची आहेत. पण त्यांचा पूर आला, तर तीच हृदयाच्या स्नायूला विषासारखी वागतात. स्नायूच्या पेशी मरतात, तिथे सूज येते, पंपाची ताकद जाते. लाल विंचू नेमका हाच पूर आणतो.

विंचवाचं विष नेमकं करतं काय?

लाल विंचू आकाराने लहान असतो. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जीवघेणा बहुतेक वेळा हा लालच. जांभ्या दगडाच्या भेगा, पेंढा, लाकडांचा ढीग, कौलांची फट, अंगणात काढून ठेवलेले बूट, असल्या जागा त्याला आवडतात.

त्याचं विष मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या सूक्ष्म दारांवर काम करतं. ही दारं एरवी क्षणभर उघडून बंद होतात. विषामुळे ती उघडीच राहतात. मज्जातंतू सारखे संदेश सोडत राहतात आणि शरीरात साठवलेलं सगळं अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिन एकदम रक्तात ओतलं जातं.

नॉरअ‍ॅड्रिनलिन रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा-1 नावाच्या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन म्हणजे किल्ली, असं समजा. किल्ली फिरली की वाहिनी आकसते. शरीरभरच्या वाहिन्या एकाच वेळी आकसल्या तर? बागेला पाणी घालताना नळीचं तोंड चिमटीत धरावं, तसं होतं. मागून पंप जोर लावतोय आणि पुढे वाट नाही. रक्तदाब भडकतो. हात-पाय गार पडतात, कारण तिथवर रक्तच पोहोचत नाही. हृदय आधीच अ‍ॅड्रिनलिनने मारलेलं, त्यात हा दाब. काही तासांत ते थकतं, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, फुप्फुसांत पाणी भरतं. खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला, की वेळ फार थोडा उरलेला असतो.

अल्फा-ब्लॉकर करतो ते इतकंच, की तो कुलपात स्वतः जाऊन बसतो. किल्ली आत जात नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयापुढची वाट मोकळी होते.

बिरवाडीचा डॉक्टर आणि लॅन्सेट

हे आज वाचायला सोपं वाटतं. पण 1970च्या दशकात महाडच्या आसपासच्या गावांत लाल विंचवाच्या गंभीर दंशानंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण 30 टक्क्यांच्या घरात होतं. त्यात लहान मुलं जास्त. उपचार काय, तर भूल आणि गुंगीच्या औषधांचं मिश्रण, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन. यातलं कशानेही मूळ बिघाड थांबत नव्हता. अ‍ॅट्रोपिनने तर आधीच पळणारं हृदय आणखी पळायचं.

जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातून आलेले, नागपुरात एमबीबीएस झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर 1976मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी जे केलं त्याला महागडी यंत्रं लागत नव्हती. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि कोणत्या तासाला काय होतं ते लिहीत गेले. उलट्या, घाम, तोंडातून लाळ, मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरपणा, गार हात-पाय. ही लक्षणं दिसली, की पुढे हृदय बिघडणार, हा धागा त्यांना सापडला. 1982मध्ये हे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. एका आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीचं हे यश आपल्याकडे जितकं सांगितलं जायला हवं तितकं सांगितलं जात नाही.

आजार कुठे आहे ते कळलं, पण औषध? वाहिन्या सैल करणारं सोडियम नायट्रोप्रुसाइड त्यांनी वापरून पाहिलं. ते काम करतं, पण शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजावा लागतो. खेड्यात रात्री दोन वाजता हे कोण करणार? मग प्राझोसिन. गोळी तोंडाने देता येते, स्वस्त आहे, आणि थेट अल्फा-1च्या कुलपावरच बसते. 1986मध्ये डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. प्राझोसिनचा वापर रुळल्यावर मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांवरून मोजक्या टक्क्यांपर्यंत खाली आलं. 2022मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

संशोधन तिथे थांबलं नाही. प्राझोसिन विषाचा परिणाम रोखतं, पण रक्तात फिरणारं विष तसंच राहतं. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केलं. मग दोन्ही एकत्र दिलं तर? 2011मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडमधली चाचणी प्रसिद्ध झाली. 70 रुग्ण, 35-35चे दोन गट. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. दोन्ही मिळालेल्यांपैकी 32 जण 10 तासांत बरे झाले. फक्त प्राझोसिनवाल्यांपैकी 8 जण. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ 8 तास विरुद्ध साधारण 18 तास.

चाचणी लहान होती आणि कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना माहीत होतं, ही तिची मर्यादा. तरी फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

हे फक्त विंचवापुरतं आहे का?

नाही. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिला क्वचित एक गाठ होते, फिओक्रोमोसायटोमा. ही गाठ अ‍ॅड्रिनलिनचा कारखानाच. 1966मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी या आजाराने दगावलेल्या रुग्णांची हृदयं तपासली. निम्म्याहून जास्त जणांच्या हृदयाच्या स्नायूत सूज आणि मेलेल्या पेशींचे ठिपके सापडले. विंचू नाही, विषाणू नाही, नुसतं स्वतःचं अ‍ॅड्रिनलिन.

या गाठीच्या ऑपरेशनआधी रुग्णाला काही दिवस अल्फा-ब्लॉकर दिला जातो. हा जगभर मान्य उपचार आहे. इथे एक नियम वैद्यकीय विद्यार्थ्यांना घोकून घ्यावा लागतो. आधी अल्फा-ब्लॉकर, मग गरज पडली तर बीटा-ब्लॉकर. उलटं केलं, तर वाहिन्या सैल करणारा एक रस्ता बंद होतो, आकसवणारा मोकळाच राहतो आणि रक्तदाब आणखी भडकतो. विंचूदंशातही बीटा-ब्लॉकर टाळायला सांगतात ते यामुळेच.

म्हणजे जिथे हृदयाच्या सुजेचं मूळ अ‍ॅड्रिनलिनच्या पुरात आहे, तिथे अल्फा-ब्लॉकरला भक्कम आधार आहे. खरी गंमत पुढे आहे.

सूज आणि अ‍ॅड्रिनलिन: उंदरांनी दिलेला धागा

प्रतिकारशक्ती बेभान झाली की शरीरात सायटोकाइन नावाच्या रसायनांचं वादळ उठतं. कोव्हिडच्या काळात ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द घरोघरी पोहोचला, तेच हे. 2018मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने ‘नेचर’मध्ये उंदरांवरचं काम छापलं. त्यांना दिसलं, की प्रतिकारशक्तीच्या पेशी नुसतं अ‍ॅड्रिनलिनचं ऐकत नाहीत, त्या स्वतःच कॅटेकोलामाइन तयार करतात. त्याने सूज वाढते, वाढलेल्या सुजेने आणखी कॅटेकोलामाइन. स्वतःच स्वतःला वारा घालणारी आग. ही साखळी मध्येच तोडली, तर उंदीर वाचत होते.

याच गटाने पुढे प्राझोसिनचा विचार मांडला. आणि 2021मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात माणसांच्या जुन्या नोंदी तपासून निष्कर्ष दिला. श्वसनाचा गंभीर त्रास झालेले 18,547 रुग्ण आणि न्यूमोनियाचे 4 लाखांहून अधिक. यातले जे आधीपासून प्रोस्टेट वगैरे कारणांनी अल्फा-ब्लॉकर घेत होते, त्यांचं काय झालं? श्वसनाच्या गंभीर त्रासाच्या गटात व्हेंटिलेटर लागून मृत्यू होण्याचा धोका त्यांच्यात 34 टक्क्यांनी कमी दिसला.

आकडा मोठा आहे. सोशल मीडियावर असे आकडे ‘प्रोस्टेटच्या गोळीने सूज गायब’ अशा मथळ्याखाली फिरतात. पण या अभ्यासात कोणालाही गोळी देऊन पाहिलेलं नाही. फक्त मागे वळून नोंदी तपासल्यात. नियमित गोळ्या घेणारा माणूस नियमित डॉक्टरकडेही जातो, त्याचे इतर आजारही आटोक्यात असू शकतात. संशोधकांनी असे फरक वजा करायचा प्रयत्न केला, तरी शेवटी त्यांनी स्वतःच लिहिलं, की गोळी देऊन पाहणाऱ्या चाचण्या तातडीने व्हायला हव्यात. शिवाय हा अभ्यास फुप्फुसांचा होता, हृदयाचा नव्हे.

हृदयाच्या स्नायूबद्दल थेट काम आहे ते मुख्यतः प्राण्यांवर. 2004मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये उंदरांवरचा एक जपानी अभ्यास आला. प्रतिकारशक्ती उलटल्याने हृदयाला सूज आलेल्या या प्राण्यांना कार्व्हेडिलॉल दिल्यावर सूज कमी झाली. मेटोप्रोलॉल आणि प्रोप्रानोलॉल या साध्या बीटा-ब्लॉकरने तसं झालं नाही. कार्व्हेडिलॉल बीटाबरोबर अल्फा-1चं कुलूपही अडवतं. म्हणजे श्रेय अल्फाचं? तसं म्हणायचा मोह होतो. पण संशोधकांनी श्रेय दिलं ते औषधाच्या ऑक्सिडेशन रोखण्याच्या गुणाला.

त्याच वर्षी, तेच औषध, उलट निकाल

1986 साल पुन्हा आठवा. मार्च महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये प्राझोसिन विंचूदंशातल्या हृदयाला वाचवतं असं छापून आलं. त्याच वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांत झालेल्या एका चाचणीचा निकाल आला. दीर्घकाळ हार्ट फेल्युअर असलेले 642 पुरुष. काहींना प्राझोसिन, काहींना हायड्रालाझिन आणि नायट्रेट एकत्र, काहींना औषधाचा अंश नसलेली गोळी. दुसऱ्या गटातले मृत्यू घटले. प्राझोसिनवाल्यांत आणि नुसत्या गोळीवाल्यांत मृत्यूचा फरक दिसला नाही.

पुढे 2000 साली तर धक्काच बसला. रक्तदाबाच्या औषधांची तुलना करणाऱ्या ‘ऑलहॅट’ या प्रचंड चाचणीत 55 वर्षांवरच्या 24 हजारांहून अधिक लोकांना डॉक्साझोसिन हा अल्फा-ब्लॉकर किंवा क्लोरथॅलिडोन ही जुनी, स्वस्त लघवीची गोळी दिली होती. डॉक्साझोसिनच्या गटात हार्ट फेल्युअरचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं आणि चाचणीचा तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. तेव्हापासून अल्फा-ब्लॉकर हा रक्तदाबाचा पहिला उपचार राहिलेला नाही.

वाचवणारं औषध आणि निरुपयोगी ठरणारं औषध एकच कसं? फरक रोगात आहे. विंचूदंशात पूर काही तासांचा असतो. वाहिन्या त्या काळात उघड्या ठेवल्या, की हृदय सावरतं. वर्षानुवर्षं दमलेल्या हृदयात अडचण निराळी असते. तिथे वाहिन्या सैल केल्या की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, औषधाचा परिणाम ओसरतो आणि मूळ दुखणं तिथेच राहतं.

विषाणूच्या मायोकार्डायटिसमध्ये तर तिसरीच तऱ्हा. विषाणू पेशी मारतो, मग प्रतिकारशक्ती त्याला मारायला येते आणि त्या धुमश्चक्रीत स्नायू आणखी दुखावतो. सूज दाबली की रोगी सुधारेल, असं वाटणं साहजिक आहे. 1995मध्ये 111 रुग्णांच्या एका चाचणीत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देऊन पाहिली, सरसकट फायदा दिसला नाही. अल्फा-ब्लॉकर हा आज विषाणूजन्य मायोकार्डायटिसचा मान्य उपचार नाही. उंदरांतला धागा आशादायक आहे, पण तो धागाच आहे.

मग घरातल्या गोळीचं काय?

प्रोस्टेटसाठी अल्फा-ब्लॉकर घेणाऱ्यांनी ऑलहॅटचा निकाल वाचून गोळी बंद करायची गरज नाही. तिथे तुलना रक्तदाबाच्या उपचाराची होती आणि औषध डॉक्साझोसिन होतं. टॅमसुलोसिनसारखी औषधं मूत्रमार्गाभोवतीच्या रिसेप्टरवर जास्त काम करतात. आधीच हार्ट फेल्युअर असेल तर मात्र हृदयाच्या डॉक्टरला या गोळीचं नाव सांगायलाच हवं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरलाही सांगा, कारण टॅमसुलोसिनने डोळ्याची बाहुली ऑपरेशनच्या वेळी सैल पडते. हे अनेकांना ठाऊकच नसतं.

उलट, हृदयाला संरक्षण म्हणून ही गोळी कोणी स्वतःहून सुरू करू नये. पहिल्या डोसनंतर उभं राहताच रक्तदाब कोसळून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. विंचूदंशात डॉक्टर मुलाला आडवं ठेवायला सांगतात ते याच कारणाने. उलट्या आणि घामाने शरीरातलं पाणी आधीच गेलेलं असतं. म्हणून दंश झाल्यावर घरात पडलेली आजोबांची गोळी मुलाला अंदाजाने तोडून देणं हा उपाय नाही.

दंश झाला, तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. दंशाची जागा फार दुखत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका. उलटी, दरदरून घाम, गार तळपाय यांपैकी काही दिसलं तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात लगेच निघा. दंश किती वाजता झाला आणि पहिली उलटी किती वाजता झाली, या दोन वेळा लक्षात ठेवा. डॉक्टर त्याच आधी विचारतील.